मेरूच्या आड सूर्य जातो काय?

शके १९४७ च्या भाद्रपद पौर्णिमेस, म्हणजे ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, खग्रास चंद्रग्रहण होते हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या रात्री आमचा मुक्काम एका खेड्यात होता. स्पर्श रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी, मोक्ष उत्तररात्री दीडच्या आत. म्हणजे साडेतीन तासांचा पर्वकाळ. मंडळी देवळापुढच्या पारावर भजन करीत बसली होती. ढग येत होते, जात होते. मधल्या फटीतून चंद्र दिसला की टाळ आपोआप मंदावत. चंद्राची खालची डावी कड प्रथम काळवंडली, मग काळोख वर चढत गेला, आणि अकराच्या सुमारास सगळे बिंब तांब्याच्या परातीसारखे लालसर होऊन राहिले.

आमच्या शेजारी पखवाजवाल्यांचा नातू बसला होता. तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकतो. पोरगा चौकस. तो हळूच म्हणाला, "बुवा, एक आनंदाची गोष्ट सांगू का? पृथ्वी गोल नाहीच, सपाट आहे, असं आता लोकांनी शोधून काढलंय. मोबाइलवर सगळं दाखवतात. शाळेत आम्हाला खोटंच शिकवलं. तुमच्या भागवतात हेच आहे ना? म्हणजे आपलं शास्त्र खरं ठरलं!"

आम्ही शाबासकी देऊ असे त्याला वाटले होते. जवळची दोनचार माणसेही माना डोलावू लागली. आणि खोटे कशाला सांगावे, क्षणभर आम्हालाही बरे वाटले. ते बरे वाटणेच आम्हाला बोचले, कारण त्यासरशी चाळीस वर्षांपूर्वीचा एक प्रसंग डोळ्यांपुढे आला.

तेव्हा अशाच एका सप्ताहात आम्ही भागवताचा पंचम स्कंध लावला होता. वय तरुण, पाठांतर ताजे, आवाज खणखणीत. सप्तद्वीपे, सप्तसमुद्र, मेरूची उंची, सूर्याच्या रथाचे चाक, सारे धडाधड सांगितले. निरूपण संपल्यावर गावच्या शाळेतले एक मास्तर पुढे आले व फार नम्रपणे म्हणाले, "महाराज, सूर्य मेरूच्या आड जातो म्हणून रात्र होते असं आपण सांगितलंत. मग एवढा मोठा मेरू आपल्याला दिसत का नाही? आणि मेरू जर उत्तरेला, तर थंडीत सूर्य दक्षिणेकडे सरकून का उगवतो?" आम्हाला उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. पाठशाळेत गुरुजींच्या पायाशी बसून आम्ही भास्कराचार्यांचा गोलाध्याय लावलेला होता, आणि मास्तरांचे दोन्ही प्रश्न त्यात भास्कराचार्यांनीच विचारलेले आहेत. पण समोर चारशे माणसे बसलेली. आम्ही म्हणालो, "मास्तर, मेरू दिसायला पुण्याई लागते, ती खडूच्या डब्यात मिळत नाही." मंडळी खदखदून हसली. मास्तर नमस्कार करून गेले, ते उरलेल्या दिवसांत पुन्हा आले नाहीत. काही वर्षांनी त्या गावी परत जाणे झाले तेव्हा त्यांची बदली झाली होती. त्यांचे नावही आम्ही विचारून ठेवले नव्हते.

तेव्हा त्या मुलाला आम्ही एवढेच म्हणालो, "बाळ, उद्या सकाळी पाटी घेऊन ये." सकाळी त्याला जे सांगितले तेच येथे जरा विस्ताराने मांडीत आहो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. दुसऱ्याचे म्हणणे दुबळे करून मग ते खोडणे ही वादाची रीत नव्हे. भागवताच्या पंचम स्कंधात भूमंडल पन्नास कोटी योजने विस्ताराचे, कमळाच्या पानासारखे पसरट. मधोमध एक लक्ष योजने रुंदीचे जंबुद्वीप आणि त्याच्या मध्यावर सुवर्णाचा मेरू. त्याभोवती एकाहून एक दुप्पट अशी द्वीपे आणि खारे पाणी, उसाचा रस, मद्य, तूप, दूध, दही, गोडे पाणी यांचे समुद्र. पुष्करद्वीपात मानसोत्तर पर्वत वलयासारखा आहे, त्यावरून सूर्याचा रथ मेरूला प्रदक्षिणा घालतो, आणि ती वाट नऊ कोटी एक्कावन्न लक्ष योजनांची. सर्वांच्या बाहेर लोकालोक पर्वत. त्याच्या अलीकडे उजेड, पलीकडे काळोख. चंद्र सूर्याच्याही वर एक लक्ष योजने. राहू सूर्याच्या खाली दहा हजार योजने.

हा काही अडाण्याचा कारभार नव्हे. यात रात्रीचे कारण सांगितले आहे, उत्तरायण-दक्षिणायनाचे सांगितले आहे, ग्रहणाचेही आहे. मानसोत्तरावर चार दिशांना इंद्र, यम, वरुण व सोम यांच्या चार नगरी. एकीत सूर्योदय तेव्हा समोरचीत सूर्यास्त, एकीत मध्यान्ह तेव्हा समोरचीत मध्यरात्र, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून कोणी म्हणेल की "माझा मुलगा अमेरिकेत आहे, मी दुपारी फोन करतो तेव्हा तिथं रात्र असते, यावरून पृथ्वी गोल ठरली", तर तसे ठरत नाही. सपाट पृथ्वीवरही ते जमते. पुष्कळ शिकलेली माणसे इथेच गाडी थांबवतात व विजय मिळाल्यासारखे पाहतात. आमच्या त्या मुलाने मोबाइलवरच्या लोकांवर विश्वास ठेवला याचे एक कारण हेही आहे की त्याच्या प्रश्नांना कोणी यापुढे जाऊन उत्तर दिलेच नव्हते.

आता उत्तरपक्ष. भास्कराचार्य शके १०३६ मध्ये जन्मले आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ (इ. स. ११५०) मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणि रचला. सह्याद्रीजवळचे विज्जलविड हे त्यांचे गाव. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चंगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला, त्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. (हे चंगदेव म्हणजे ज्ञानदेवांना कोरे पत्र धाडणारे चांगदेव नव्हेत. तसे सांगताना आम्ही एकदोघांना ऐकले आहे.) त्या ग्रंथाच्या गोलाध्यायात भुवनकोश नावाचे प्रकरण आहे, त्यात आचार्यांनी सपाट पृथ्वी मानणाऱ्यांना तीन प्रश्न केले आहेत. भूमी आरशाच्या पाठीसारखी सपाट असेल तर तिच्यावर उंच फिरणारा सूर्य देवांना जसा सतत दिसतो तसा माणसांना का दिसू नये? मेरूच्या आडोशाने रात्र होते म्हणावे, तर आमच्या आणि सूर्याच्या मधे आलेला तो सोन्याचा डोंगर का दिसत नाही? आणि मेरू उत्तरेस असता सूर्य दक्षिणेकडे कसा उगवतो?

पहिले दोन प्रश्न कळायला सोपे आहेत. तिसरा मात्र मर्माचा आहे. जरा थांबून विचार करावा. सपाट भूमीवर सूर्य उत्तरेच्या मध्यबिंदूभोवती फिरत असेल, तर आपल्या डोक्यावरून पुढे गेलेला सूर्य संध्याकाळी वळत वळत उत्तरेच्या अंगाला दूर जाणार. म्हणजे तो दिसेनासा व्हायचा तर वायव्येकडेच व्हायला हवा, आणि तेही बारा महिने. आता कोल्हापूरला या. अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांस आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा होतो. मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून येऊन गाभाऱ्यातल्या मूर्तीला स्पर्श करतात. त्या दिवसांत सूर्य दक्षिण गोलात असतो व पश्चिमेच्या दक्षिणेस सरकून मावळतो. ज्यांनी ते देऊळ बांधले त्यांनी सूर्य कुठे मावळतो ते पाहून बांधले. सूर्य मेरूच्या आड जात असता तर तो उत्सव घडताच ना. आई अंबाबाई वर्षातून दोन वेळा मास्तरांच्या बाजूने साक्ष देते, आणि आम्ही चाळीस वर्षांपूर्वी ती साक्ष दडपली.

मुलाने मग मोबाइल काढून आम्हाला ते नवे मत दाखविले. आम्ही थक्कच झालो. मधोमध उत्तर ध्रुव, भोवती सगळ्या जमिनी, कडेला बर्फाची भिंत, आणि वर लहानसा सूर्य गोल गोल फिरतो आहे. आम्ही म्हणालो, "अरे, हे तर ओळखीचं आहे! मेरू काढून घेतला आणि लोकालोकाच्या जागी बर्फ घातलं, एवढाच फरक." ही कल्पना इंग्लंडात सॅम्युअल रोबॉथम नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात चालविली; १८४९ मध्ये त्याने त्यावर पत्रक काढले व १८६५ मध्ये मोठे पुस्तक. पुढे अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या झायन गावी, व्होलिवा नावाचे एक ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले, त्यांनी ती उचलली. सूर्य तीन हजार मैलांहून दूर नाही आणि त्याचा व्यास बत्तीस मैल, असे ते सांगत. गाव त्यांच्या शब्दावर चाले. गावच्या शाळेत मुलांना पृथ्वी सपाट म्हणून शिकवीत. १९२० नंतर त्यांनी स्वतःचे रेडिओ केंद्र उघडून तेच जगाला ऐकविले. पृथ्वी गोल असल्याचे सिद्ध करील त्यास पाच हजार डॉलर देऊ, असेही म्हणत. व्यासपीठावर बसणाऱ्या आमच्यासारख्यांनी या गृहस्थांचे चरित्र अवश्य वाचावे. माणूस निष्ठावंत होता, वक्ता मोठा होता, पोरे मात्र खोटे शिकून मोठी झाली.

मेरू काढून टाकल्यावर रात्र कशाने करायची, ही या नव्या मताची अडचण. ते म्हणतात, सूर्य दूर जातो म्हणून दिसेनासा होतो, जसा रस्त्यावरचा दिवा दूर गेला की होतो. तर मग आम्ही पाटीवर गणित मांडले. त्यांचेच आकडे घेतले: सूर्य ३००० मैल उंच, आणि एक अंश म्हणजे ६९ मैल. २१ मार्चला सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणजे मध्यापासून ६२१० मैलांवर. पंढरपूर मध्यापासून सुमारे ४९९० मैलांवर. संध्याकाळी सहाला सूर्याने पाव फेरा मारलेला असणार. काटकोन त्रिकोण शिकलेल्या कोणालाही हे येईल. हिशेब असा निघतो की ज्या वेळी पंढरपुरास सूर्य मावळायला हवा, त्या वेळी तो क्षितिजापासून वीस अंश वर, आणि पश्चिमेपासून उत्तरेकडे ३९ अंश सरकलेला दिसायला हवा. मध्यरात्रीदेखील तो पंधरा अंश वर असणार! शिवाय मावळतीचे बिंब दुपारच्या बिंबाच्या दोन-पंचमांशाहूनही लहान व्हायला हवे. प्रत्यक्षात २१ मार्चला सूर्य नेमका पश्चिमेस मावळतो, बिंब लहान होत नाही, आणि खालची कड आधी बुडून मग वरची बुडते. दूर जाणारा दिवा बारीक होत जातो. तो खालून कापला जात नाही.

बिंब लहान होत नाही हे कशावरून, असे कोणी विचारील. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, चंद्रावर करून पाहावे. पौर्णिमेचा चंद्र उगवताना फार मोठा वाटतो, तो डोळ्यांचा भ्रम. हात पूर्ण लांब करून चिमटीत तुरीचा दाणा धरा; उगवता चंद्र त्याआड लपतो, आणि मध्यरात्री माथ्यावरचाही त्याच दाण्याआड तसाच लपतो. आमच्या नातीने हा प्रयोग केला तेव्हा तिने दाणा खाऊन टाकला, पण तोपर्यंत निकाल लागला होता.

भास्कराचार्यांच्याही आधी, आठव्या शतकात, लल्ल नावाचे ज्योतिषी होऊन गेले. त्यांनी शिष्यधीवृद्धिद ग्रंथात खोट्या समजुतींचे एक प्रकरणच घातले आहे. पृथ्वी सपाट असेल तर ताडासारखी उंच झाडे दुरून का दिसत नाहीत, असे ते विचारतात. कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे सांगायला नको. दूर जाणाऱ्या गलबताचा खालचा भाग आधी दिसेनासा होतो, डोलकाठी शेवटी. रोबॉथम म्हणे की असे होत नाही. १८३८ मध्ये इंग्लंडातल्या ओल्ड बेडफर्ड नावाच्या सरळसोट कालव्यात उभे राहून त्याने पाण्यापासून आठ इंचांवर डोळा ठेवला व सहा मैलांवर गेलेली होडी दिसली असे जाहीर केले. पाण्याच्या इतक्या लगत थंड व ऊन हवेचे थर प्रकाशाला वाकवतात, हे त्याने धरले नाही. १८७० मध्ये जॉन हॅम्पडन नावाच्या त्याच्या अनुयायाने पाचशे पौंडांची पैज लावली. ती आल्फ्रेड रसेल वॉलेस या मोठ्या निसर्गशास्त्रज्ञाने घेतली. वॉलेसने त्याच कालव्यावर, सहा मैलांच्या अंतरात, पाण्यापासून १३ फूट ४ इंच या सारख्याच उंचीवर दोन टोकांना व मध्यावर खुणा ठेवल्या आणि दुर्बिणीतून पाहिले. पाणी सपाट असते तर तिन्ही एका रेषेत दिसत्या. मधली खूण वर आलेली दिसली. गणिताने ती सहा फूट वर यावी, हवेच्या वाकवण्याने थोडी कमी. पंचाने निकाल वॉलेसच्या बाजूने दिला. हॅम्पडनने तो मानला नाही. पुढे वर्षानुवर्षे तो वॉलेसची बदनामी करीत राहिला, त्यापायी तुरुंगातही गेला, पण मत सोडले नाही. अशा माणसाशी वाद करण्यात अर्थ नसतो. आमचा पखवाजवाल्याचा नातू तसा नव्हता. तो म्हणाला, "बुवा, कालवा कुठून आणू? मला इथंच करता येईल असं काही सांगा."

तर मग ध्रुव. हात लांब करून मूठ आडवी धरली की ती आकाशात सुमारे दहा अंश झाकते. पंढरपुरात ध्रुव क्षितिजापासून पावणेदोन मुठी वर आहे, कारण पंढरपूरचे अक्षांश साडेसतरापेक्षा थोडे जास्त. आम्ही काशीस शिकत असताना तो अडीच मुठी होता. बदरीनारायणाच्या यात्रेत तीन मुठींहून थोडा जास्त भरला, आणि रामेश्वरला समुद्रकाठी जेमतेम एक मूठ. उत्तरेकडे जावे तसा ध्रुव चढतो, दक्षिणेकडे जावे तसा उतरतो. सपाट भूमीवरही तो थोडा चढेल-उतरेल, हे खरे. म्हणून येथेही घाई न करता मोजावे लागते. पंढरपूर आणि उज्जैन जवळजवळ एकाच रेखेवर आहेत. सरळ रेषेत अंतर सुमारे ६१० किलोमीटर आणि ध्रुवाच्या उंचीत फरक साडेपाच अंश. पंढरपूरहून कन्याकुमारीपर्यंत दक्षिणोत्तर अंतर सुमारे १०६० किलोमीटर, फरक ९.६ अंश. दोन्ही ठिकाणी एका अंशाला सुमारे १११ किलोमीटरच पडतात. सपाट भूमीवर असे सारखे कधीच पडणार नाही. जसजसे लांब जावे तसतसा उतार मंदावत जाईल आणि ध्रुव क्षितिजाला कधी टेकणारच नाही. समान अंतराला समान उतार, हे फक्त गोलावर घडते. मग त्रैराशिक मांडा: साडेपाच अंशांना ६१० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? चाळीस हजारांच्या जवळ. पृथ्वीचा परीघ तेवढाच आहे. ही रीत आमची नव्हे. एका याम्योत्तर रेषेवरच्या दोन गावांतले अंतर आणि अक्षांशांतला फरक घेऊन परीघ काढावा, असे भास्कराचार्यांनीच सांगितले आहे. उज्जैन विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या हिश्शावर आहे असे ते म्हणतात, आणि परीघ ४९६७ योजने देतात.

विषुववृत्ताच्या खाली गेले की ध्रुव उरतच नाही. मॉरिशसमध्ये दीडशेहून अधिक वर्षे मराठी कुटुंबे नांदत आहेत. ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस वीस अंशांवर. लग्नात वधूला ध्रुव दाखविण्याचा विधी गृह्यसूत्रांत आहे. पण तिथल्या वधूने कितीही मान उंचावली तरी ध्रुव तिला दिसायचा नाही, तो पृथ्वीच्या फुगवट्याआड गेलेला. तिथे तारे दक्षिणेच्या एका बिंदूभोवती फिरतात. ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेच्या टोकाला, दक्षिण अमेरिकेत, सर्वत्र तोच दक्षिण बिंदू. सपाट नकाशावर हे तीन प्रदेश तीन दिशांना तोंडे करून कडेला फेकलेले असतात. त्यांनी दक्षिणेकडे पाहावे तर प्रत्येकाला वेगळे आकाश दिसायला हवे. आमच्या सिद्धान्तग्रंथांत दोन ध्रुव मानलेले आहेत आणि निरक्ष देशात, म्हणजे विषुववृत्तावर, ते दोन्ही क्षितिजाला टेकलेले असतात असे सांगितले आहे. समुद्र न ओलांडता त्यांनी हे गणिताने जाणले.

"मग खालची माणसं पडत कशी नाहीत?" हा प्रश्न त्या मुलाच्या धाकट्या बहिणीने केला. तोही आचार्यांनी सोडलेला नाही. जो जिथे उभा आहे त्याला पृथ्वी आपल्या पायाखालीच वाटते, पाण्याकाठच्या माणसाच्या प्रतिबिंबासारखी परस्परविरुद्ध माणसे आपापल्या जागी सुखाने असतात, आणि पृथ्वीच जड वस्तूला आपल्याकडे ओढते. शेषाच्या आधाराबद्दल विचाराल तर: पृथ्वीला आधार, त्याला दुसरा आधार, त्याला तिसरा, असे किती मागे जाणार? शेवटी कुठेतरी स्वतःच्या शक्तीने राहणारे काही मानावे लागते, तर पहिल्यांदाच का मानू नये? गुरुजी हे शिकवीत तेव्हा स्वतःच हसत. मात्र आचार्यांना पुराणाचा मोह पुरता सुटला होता असेही समजू नये. दुधा-दह्याचे समुद्र त्यांना टाकवले नाहीत. उत्तर गोलार्ध जंबुद्वीपाला देऊन उरलेली सहा द्वीपे व त्यांचे समुद्र त्यांनी दक्षिण गोलार्धात नेऊन ठेवले. पुढे तिकडे जहाजे गेली, त्यांना खारे पाणीच लागले. आणि पृथ्वी फिरते हे आर्यभटांनी ४९९ मध्ये सांगितले असताना भास्कराचार्यांनी ती स्थिर मानली.

आता ग्रहण, जिथून ही कथा सुरू झाली. भागवताच्या रचनेत सूर्य कधीच भूमीखाली जात नाही, त्यामुळे भूमीची छाया चंद्रावर पडायला वावच नाही. म्हणून राहू हवा. शिवाय चंद्र सूर्याच्या वर असता तर त्याची आपल्याकडची खालची बाजू सदैव उजळलेली राहिली असती, आणि अमावास्या झालीच नसती. ज्योतिषी म्हणतात, चंद्राला भूमीची छाया झाकते आणि सूर्याला चंद्र झाकतो. पुरावा काय? चंद्रग्रहणाचा स्पर्श पूर्वेच्या कडेला होतो, सूर्यग्रहणाचा पश्चिमेच्या. त्या रात्री खालची डावी कड आधी काळवंडलेली आपण पाहिली, ती पूर्वेची. एकच राहू दोघांना गिळत असता तर त्याने एकदा इकडून व एकदा तिकडून का सुरुवात करावी? झाकणारा चंद्राच्या वेळी मोठा आहे, म्हणून ग्रहण लांबते व चंद्राची शिंगे बोथट दिसतात. सूर्याच्या वेळी लहान, म्हणून शिंगे तीक्ष्ण. आणि ती छाया प्रत्येक ग्रहणात, चंद्र क्षितिजावर असो की माथ्यावर, गोलच दिसते. सपाट तबकाची छाया तिरकी पडली तर लांबट होते. सर्व बाजूंनी गोल छाया टाकणारी वस्तू एकच, गोळा. मोबाइलवरचे लोक म्हणतात की मधे कोणी न दिसणारा काळा ग्रह येतो. ते राहूच झाले की! फक्त त्याला अमृतमंथनाची कथा नाही.

वराहमिहिरांनी राहूचे मत स्पष्ट खोडले. ब्रह्मगुप्तांनी गणित छायेचेच केले, पण लोकांच्या भयाने म्हणा वा श्रुतिस्मृतींच्या आदराने म्हणा, राहूचीही बाजू धरली. भास्कराचार्यांनी ब्रह्मदेवाच्या वराने राहू छायेत शिरतो असे सांगून तड लावली. दोघांहून वराहमिहिर आम्हाला जास्त पटतात.

हा पुराण-सिद्धान्ताचा मेळ घालण्याचा उद्योग आपल्या महाराष्ट्रात फार झाला आहे. गोदाकाठच्या पार्थपूरचे ज्ञानराज यांनी शके १४२५ मध्ये सिद्धान्तसुंदर लिहिला, त्यात तो आहे. कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर, ज्यांची महाभारतावरची टीका आम्ही सारे वापरतो, त्यांनीही काशीत बसून तो केला. १८३६ मध्ये सिहोर येथे सुबाजी बापू नावाच्या मराठी ज्योतिष्यांनी सिद्धान्तशिरोमणिप्रकाश हे पुस्तक मराठीत काढले. पुराण, सिद्धान्त आणि कोपर्निकसचे मत अशी तिन्ही शेजारी ठेवून कोणते टिकते ते लोकांना दाखविले. लगेच यज्ञेश्वरशास्त्री यांनी अविरोधप्रकाश लिहून उत्तर दिले की पुराण आणि ज्योतिष यांत विरोधच नाही. शास्त्रीबुवा विद्वान खरे, पण विरोध आहे. तो नाही म्हणण्यासाठी कल्पभेद, दिव्यदृष्टी वगैरे आणावे लागते, आणि मग मास्तरांना "पुण्याई लागते" असे सांगण्याची पाळी येते.

आम्ही भागवत पुन्हा उघडले. परीक्षिती भूगोल कशासाठी विचारतो, ते पंचम स्कंधाच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभीच आहे. भगवंताच्या स्थूल रूपावर मन ठरावे, मग ते सूक्ष्मावर नेता यावे, म्हणून तो विचारतो. शुकदेवही आधी सांगतात की देवांचे आयुष्य मिळाले तरी हे पुरे वर्णन कोणाला साधणार नाही. म्हणजे ते धारणेसाठी सांगितलेले रूप आहे, मोजणीचा नकाशा नव्हे. आणि हे आमच्या पदरचे नाही, मूळ संवादातच आहे. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही चारशे लोकांना आकडे सांगितले आणि परीक्षितीचा हेतू गाळला.

त्या गावचा सप्ताह संपण्याच्या आदल्या रात्री आम्ही निरूपणात मास्तरांचा प्रसंग सांगितला. त्यांचे दोन्ही प्रश्न मोठ्याने म्हटले, मागाहून केलेली थट्टाही सांगितली, आणि या वेळी उत्तर दिले. कोणी हसले नाही. एक म्हातारे गृहस्थ निघताना म्हणाले, "महाराज, आमचे सूर्यनारायण मेरूला प्रदक्षिणा घालीत होते तेच बरं होतं." त्यांना आम्ही काय सांगावे? आम्हालाही ते चित्र आवडते.

माघात त्या मुलाचा फोन आला. मित्रांबरोबर कन्याकुमारीस गेला होता. आमच्याकडून जाताना त्याला अगस्त्य तारा ओळखून दिला होता. पंढरपुरात तो दक्षिणेस ऐन उंचीवर आला असता दोन मुठी भरतो, हे त्याने दोनदा मोजून घेतले होते. फोनवर वाऱ्याचा आणि लाटांचा आवाज येत होता. "बुवा, ध्रुवाकडं धुकं आहे, तो काही दिसंना," तो ओरडून सांगत होता, "पण अगस्त्य तीन मुठी भरला! तिघांनी वेगवेगळा मोजला. एकाची मूठ लहान आहे, त्याचा सव्वातीन आला."